मास्तरांचा खिसा

मास्तरांना बोलायला निमित्त लागत नसे. कुणी मोटारसायकल दुकानासमोर नुसती उभी केली, तरी आतून आवाज यायचा, "हवा कधी भरली होती?" समोरच्याने "आत्ताच तर…" म्हणायचा अवकाश, की मास्तर पाना हातात घेऊन बाहेर हजर. "आत्ताच म्हणजे या वर्षी की गेल्या?" स्वतः मास्तर सातवीनंतर शाळेच्या फाटकातून आत गेले नव्हते. पण गाडी दुरुस्त करता करता गिऱ्हाइकाला इतकं शिकवायचे, की लोकांनी त्यांना मास्तर करून टाकलं. पुढे खरं नाव फक्त दुकानाच्या परवान्यावर उरलं.

दुकान एका शटरचं, एका बाजूला लाँड्री आणि दुसऱ्या बाजूला खिळे-बिजागऱ्यांचं दुकान. भिंतीवर पाने टांगलेले, आणि प्रत्येक पान्याभोवती पांढऱ्या रंगाने त्याची आकृती काढलेली, म्हणजे एखादा जागेवर नसला की भिंतच बोंब मारणार. जमीन तेल पिऊन काळी झालेली. आणि एक इनॅमलची थाळी, कडेचे टवके उडालेली. ही थाळी म्हणजे मास्तरांची इभ्रत होती.

गाडीचा जो जो नट, जो जो वायसर निघेल तो थाळीत पडायचा. काम संपलं की मास्तर गिऱ्हाइकाला जवळ बोलवायचे, त्याच्यासमोर थाळी उपडी करायचे, बुडावर दोनदा बोटं वाजवायचे आणि विचारायचे, "काही राहिलं?" गिऱ्हाइकाने "नाही" म्हणायचं, मगच किल्ली हातात मिळायची. घाईतली माणसं यावर चिडायची, पण गाडी मास्तरांकडेच आणायची. मास्तरांनी हात लावलेली गाडी रस्त्यात दगा देत नाही, असं तिथे सगळे धरून चालत. सगळ्यांत जास्त स्वतः मास्तर धरून चालत.

या शिस्तीला एकच भोक होतं, ते म्हणजे मास्तरांचं तोंड. पिना ते थाळीत टाकत नसत, ओठांत धरत. नट घसरून सुटू नये म्हणून त्यातून आरपार एक बारीक पिन घालतात आणि तिचे दोन्ही पाय वाकवून ठेवतात. ती सगळ्यात शेवटी बसते आणि थाळीत टाकली तर सापडता सापडत नाही, म्हणून ओठांत. बायको म्हणायची, "अहो, एक दिवस गिळून बसाल." मास्तर पिनेसकट हसायचे. "पस्तीस वर्षांत एकही पोटात गेलेली नाही." ते खरंच होतं. पोटात एकही गेली नाही.

सिस्टरची गाडी मास्तरांकडे आठ वर्षं येत होती. सिस्टर दवाखान्याची, पण तिचं काम दवाखान्याबाहेरचं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची. चढावरची घरं, बोळातली घरं, जिथे बस जात नाही अशी घरं. दिवसाला दहा-बारा दारं व्हायची. थोरल्या भावाला हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. भाऊ न्हावी, चौकात त्याचं सलून होतं, आणि बहिणीने दवाखान्यातल्या खिडकीवर बसून केसपेपर फाडावेत असं त्याचं म्हणणं होतं. "पडलीस म्हणजे कळेल," हे वाक्य तो आठवड्यातून एकदा तरी म्हणायचाच. सिस्टर उत्तर द्यायची, "मास्तरांची गाडी आहे दादा, कशी पडेन?" मास्तरांच्या दुकानावरून जाताना ती रोज सकाळी दोनदा हॉर्न वाजवायची आणि मास्तर मान वर न करता पाना हलवायचे.

त्या शनिवारी तिच्या गाडीची चेन सैल झाली होती म्हणून ती थांबली. काम पाऊण तासाचंही नाही. चेन ताणायची तर मागचं चाक थोडं मागे सरकवावं लागतं, आणि त्यासाठी ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी आधी सोडवावी लागते. मास्तरांनी पट्टीच्या नटातली पिन काढली, ओठांत धरली. नट काढून थाळीत टाकला. चाक सरकवलं, चेन दोन बोटं हलेल इतकी ठेवली, चाक आवळलं. मग पट्टी जागेवर बसवून नट हाताने फिरवला. "आधी हात, मग पाना, मग पिन," हे त्यांनी शंभर जणांना शिकवलं होतं. हात झाला होता. पाना उचलणार, तेवढ्यात पार्सलवाले आले.

मागच्या गल्लीत पार्सलचं गोदाम होतं. तिथल्या मुकादमाने मास्तरांना विनंती केली होती, की दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या गाडीवाल्यांना पंधरा मिनिटं काही सांगत जा, फार धडपडतात. मास्तरांना तेवढंच हवं होतं. चौदा-पंधरा बाप्ये गाड्या लावून समोर उभे राहिले, की मास्तरांची छाती वीतभर पुढे यायची. आता ओठांत पिन धरून भाषण कसं करणार? त्यांनी पिन काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि हात पुसत बाहेर आले.

त्या दिवशी ते असे काही रंगात आले की विचारू नका. एकाचं मागचं टायर पाहून म्हणाले, "हे टायर आहे का टक्कल? यावर हात फिरवायचा की कंगवा?" सगळे खो-खो हसले. एकाचा ब्रेक दाबून दाखवला, पाय पार खाली गेला तरी चाक थांबेना. एकाचा मागचा दिवाच लागत नव्हता. "तुला मागून कुणी ठोकलं तर तो म्हणेल, मला काय स्वप्न पडलं होतं?" मग आवाज खाली आणून, शेवटचं ठेवणीतलं वाक्य: "गाडी निघायच्या आधी एकदा वाकून बघा. वाकल्याने कुणाची उंची कमी होत नाही." पंधरा मिनिटांचा अर्धा तास झाला. टाळ्यासुद्धा पडल्या.

सिस्टर घड्याळ बघत उभी होती. चढावरचे एक आजोबा पट्टी बदलायची म्हणून सकाळपासून पाय उघडा टाकून बसले असणार. "झालंच की," म्हणत मास्तर लगबगीने आत गेले. थाळी उचलली. रिकामी. उपडी केली, बोटं वाजवली. "काही राहिलं?" सिस्टर म्हणाली, "नाही मास्तर." किल्ली मिळाली. दोनदा हॉर्न वाजवून ती गेली.

मंगळवारी दुपारी भाऊ टेम्पोत गाडी घालून घेऊन आला. सिस्टर पाण्याच्या टाकीच्या उतारावर पडली होती. उजवा हात मनगटाजवळ मोडला, गुडघा सोलवटला, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून एवढ्यावर निभावलं. "एकदम चाक गच्च झालं म्हणते," भाऊ म्हणाला.

मास्तरांनी गाडीकडे पाहिलंही नव्हतं. गाडी अजून टेम्पोतच होती. पण तोंड आधी चालायची सवय. "मागचा ब्रेक कचकन दाबला असणार," ते म्हणाले. "बायका घाबरल्या की ब्रेकवर उभ्याच राहतात."

"हेच मी घरी सांगतोय," भाऊ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि काळजीच्या आड आपलं खरं ठरल्याचं समाधानही होतं.

गाडी खाली उतरवल्यावर मास्तर वाकले. पट्टी लोंबत होती. तिचा बोल्ट नाही, नट नाही. पट्टी सुटली की ब्रेक दाबताक्षणी प्लेट चाकाबरोबर फिरते, कशात तरी अडकते आणि चाक जागच्या जागी आवळतं, हे त्यांना आरशात स्वतःचं तोंड दिसावं इतकं स्पष्ट ठाऊक होतं. तरी ते मनाशी म्हणाले, पडताना दगडावर आपटून तुटला असेल बोल्ट. असं होतं. कधी कधी होतं. थाळी तर रिकामी होती, आपण उपडी केली होती, तिनेही पाहिलं होतं. एवढं ठरवून ते चहा प्यायला गेले. चहाला चव नव्हती.

बुधवारी सकाळी बायको कपडे धुवायला बसली होती. "हे घ्या तुमचं," म्हणून तिने ओला हात पुढे केला. तळहातावर पिन. "शनिवारच्या शर्टात होती. नशीब माझं बोट फाडलं नाही."

मास्तरांनी पिन उचलून डोळ्यांजवळ धरली. तिचे पाय सरळ होते, काढताना त्यांनी स्वतः केलेले, आणि टोकाजवळ पकडीची खूण. त्यांना तो सबंध शनिवार एका दमात आठवला. हात झाला होता. पाना झाला नव्हता. पिन खिशात होती. आणि आपण बाहेर उभे राहून टक्कल आणि कंगवा करत होतो.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोशी ते इतकं थोडं कधी बोलले नव्हते. पिन त्यांनी अंगातल्या शर्टाच्या खिशात टाकली.

आता एखादा म्हणेल, त्यात काय, जायचं आणि सांगून टाकायचं. सांगणाऱ्याचं काय जातं! ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर टाळ्या घेतल्या, त्याला विचारा. मास्तर बुधवारी जाणार होते, गेले नाहीत. गुरुवारी कपडे बदलून निघाले, कोपऱ्यावरून परत आले. त्याऐवजी त्यांनी गाडीचं काम काढलं. पट्टीचा नवा बोल्ट घातला, नट घातला, पाना लावला, नवी पिन घालून तिचे पाय वाकवले आणि मग ती पिन इतक्या वेळा पाहिली, की लाँड्रीवाल्याने विचारलं, "मास्तर, काही हरवलं का?" त्यांनी कुणी न सांगता नवा आरसा लावला, वाकलेलं हँडल बदललं, टाकीवरचा चरा घासून काढला. भाऊ येऊन गाडी पाहून गेला आणि मजुरी घ्यायला मास्तर तयार नाहीत हे त्याने चौकभर सांगितलं. "देवमाणूस आहे," तो म्हणाला. ते मास्तरांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाऊ नुसता गाडी पाहायला आला नव्हता. त्याने गिऱ्हाईक ठरवलं होतं. शनिवारी दुपारी माणूस येऊन गाडी घेऊन जाणार होता, आणि सिस्टरने हात बरा झाल्यावर खिडकीवर बसायचं कबूल केलं होतं. भांडली नाही, रडली नाही, कबूल केलं. "तुमचं बोलणं लागलं बघा तिला," भाऊ म्हणाला. "मी आठ वर्षं सांगतोय, पण मास्तर म्हणाले म्हटल्यावर गप्प बसली."

शुक्रवारी सकाळी सिस्टर स्वतःच आली. हात गळ्यात, प्लास्टर कोपरापर्यंत. गाडीच्या डिकीत तिचे हातमोजे आणि एका पेशंटचा चष्मा राहिला होता, तो न्यायला. मास्तरांनी स्टूल पुसून पुढे केलं. ती बसली आणि तिने गाडीवरून नजर फिरवली.

"किती छान केलीत," ती म्हणाली.

मास्तरांनी काहीतरी शोधल्यासारखं केलं.

"मास्तर, मी रोज घरी बसून करून बघते." तिने उजवा पाय पुढे घेतला आणि चप्पल जमिनीवर हळूच दाबली. "एवढाच दाबला होता मी. पुढे एक बाई बादली घेऊन आडवी आली, लांब होती, म्हणून एवढाच." तिने पुन्हा दाबून दाखवलं. "मग वाटतं, एवढाच नसेल. जास्त दाबला असेल आणि मला आठवत नसेल. आठ वर्षं गाडी चालवून स्वतःच्या पायाचं स्वतःला कळू नये! अशा बाईने कुणाला इंजेक्शन तरी काय द्यायचं?"

"सिस्टर…"

"नाही, तुम्ही बरोबर बोललात. गाडी तुमच्या हातची. तुम्ही माझ्यासमोर थाळी उपडी केली होती. गाडीत खोट असणारच नाही. मग खोट माझ्यातच, दुसरं काय?" आणि तिचा पाय आपला जमिनीवर दाबतच राहिला, सुटला, दाबला, सुटला.

मास्तरांना तो पाय बघवेना. खिशात हात घातला. पिन तीन दिवस तिथेच होती. टाकायचा धीर होत नव्हता आणि ठेवायचाही. त्यांनी ती थाळीत टाकली. बारीकसा आवाज झाला.

"हे काय?"

"तुमच्या गाडीची पिन." मास्तरांचा आवाज त्यांना स्वतःला ओळखू येईना. "शनिवारी माझ्या खिशात राहिली. नट नुसता हाताने लावला होता, आवळलाच नाही. तो तीन दिवसांत गळून पडला, पट्टी सुटली आणि चाक आवळलं. तुम्ही पाय दाबला नसता, नुसता टेकवला असता, तरी पडला असतात."

तिचा पाय थांबला. ती थाळीकडे पाहत होती.

"म्हणजे माझा पाय बरोबर होता."

"बरोबर होता."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

इथे खोटं बोलायला जागा होती. आत्ताच सापडली म्हणता आलं असतं. मास्तरांच्या जिभेवर ते आलंही होतं, उगाच कशाला लपवा. "बुधवारी," ते म्हणाले.

सिस्टर उठली. ओरडली असती तर बरं, असं मास्तरांना वाटलं. ती हळू आवाजात म्हणाली, "तीन दिवस मास्तर. मी तीन दिवस या पायाला शिव्या देतेय, आणि तुम्ही आरसा बदलताय?" मग डाव्या हाताने डोळे पुसून म्हणाली, "दादाला मी सांगणार नाही. त्याला तुम्ही जे सांगितलंत, ते तुम्हीच परत घ्यायचं. आत्ता."

सलूनमध्ये शुक्रवारची गर्दी होती. तीन खुर्च्या भरलेल्या, बाकावर चौघे थांबलेले, त्यात पार्सलवाल्यांतला तो टकल्या टायरवाला. भावाच्या हातात वस्तरा आणि समोर साबण लावलेला गाल. "या मास्तर, या!" तो म्हणाला. "अरे उठा रे, मास्तरांना बसू द्या."

मास्तर बसले नाहीत. सिस्टर दारातच उभी राहिली. समोर भिंतभर आरसा, त्यात सगळे आपल्याकडेच पाहताहेत आणि मधोमध आपण, हे मास्तरांना दिसलं. त्यांनी खाली मान घालून सांगितलं. नेहमीसारखं रंगवून नाही, तुटक तुटक. पिन. खिसा. नट. बुधवार. शेवटी म्हणाले, "बायका ब्रेकवर उभ्या राहतात असं मी म्हणालो होतो. ते मी गाडी न बघता म्हणालो. तिचं काही चुकलं नाही. सगळं माझं चुकलं."

वस्तरा हवेत थांबला होता. ज्याच्या गालावर साबण होता तो श्वास धरून बसला होता, त्याला बिचाऱ्याला वस्तऱ्याची काळजी. भावाने वस्तरा पाण्याच्या वाटीत ठेवला.

"ट्रक थांबला नसता तर?" तो म्हणाला.

"दादा, त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग," सिस्टर दारातून म्हणाली. "गाडी विकायची नाही."

भावाने तिच्याकडे पाहिलं, प्लास्टरकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच वाद न घालता होकाराची मान हलवली. मास्तर बाहेर पडले. मागून टकल्या टायरवाला कुणाला तरी हळूच म्हणाला, "वाकून बघा म्हणे." कुणी हसलं नाही. हसले असते तर मास्तरांना चाललं असतं.

पुढचं फार नाही. मुकादमाने निरोप पाठवला, शनिवारचं राहू द्या. काही गिऱ्हाइकं तुटली, बरीचशी टिकली. लोकांना दुसरा जवळचा मेकॅनिक नव्हता हेही त्याचं एक कारण. मास्तरांनी ओठांत पिन धरणं सोडलं, पिनासुद्धा थाळीत जाऊ लागल्या. बोलणं मात्र आपोआप आटलं. कुणाची हवा कमी असली तर ते गप्प उठून हवा भरत. सिस्टरचं प्लास्टर निघालं, ती पुन्हा गाडी चालवू लागली. दुकानावरून रोज जायची. हॉर्न वाजत नसे. तिची गाडी आता पुलापलीकडच्या मेकॅनिककडे जाते, हे मास्तरांनी कुणाला विचारलं नव्हतं, पण त्यांना ठाऊक होतं.

सात महिन्यांनी एका सकाळी ती दुकानासमोर थांबली. चेन इतकी सैल झाली होती की कव्हरवर आपटत होती. "पुलापलीकडचा गावाला गेलाय," ती म्हणाली. "आजोबांची पट्टी आहे."

मास्तरांनी गाडी स्टँडवर घेतली. ती स्टुलावर बसली नाही, त्यांच्या खांद्याशी उभी राहिली, आणि एकेक गोष्ट पाहत राहिली. पिन निघाली, थाळीत पडली. नट निघाला, थाळीत पडला. हात, पाना, पिन. दोन गिऱ्हाइकं दाराशी थांबली होती. शेवटी त्यांनी थाळी उचलली, तिच्यासमोर उपडी केली आणि बुडावर दोनदा बोटं वाजवली. "काही राहिलं?"

सिस्टरने थाळीकडे पाहिलंच नाही. "खिसा," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पेशंटला जीभ दाखवा म्हणावं, तसं ती म्हणाली. मास्तरांनी दोन्ही गिऱ्हाइकांदेखत शर्टाचा खिसा बाहेर ओढून उलटा केला. एक पेन्सिलीचा तुकडा आणि थोडी धूळ पडली.

"नाही," सिस्टर म्हणाली, "काही राहिलं नाही." किल्ली घेतली, तरी निघायच्या आधी एकदा वाकून तिने स्वतः बोटाने पिन चाचपली आणि मग गाडी चालू केली. मास्तर कानोसा घेत उभे राहिले. वळणाशी हॉर्न एकदाच वाजला, तोही बहुतेक समोरून आलेल्या सायकलवाल्यासाठी.

दुपारी जेवायला घरी आले तेव्हा त्यांनी शर्ट काढून बायकोपुढे ठेवला. "याचा खिसा उसवून टाक. सगळ्यांचेच उसव."

"अहो, चांगला शर्ट आहे. डाग दिसेल तिथे. सगळा शर्ट विटलाय, खिशाखालचाच तुकडा नवा राहिलाय. लांबून दिसेल."

"दिसू दे," मास्तर म्हणाले.